पवळ्यावरचा बुलबुल

माझी आत्या माघातल्या एका सोमवारी दुपारी शुद्धीवर आली आणि तिने पेज मागितली. तिच्या मयतासाठी मुंबईहून निघालेले नातेवाईक दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या थांब्यावर एस.टी.तून उतरले.

त्याआधी जे झालं ते असं. आत्याला विषमज्वर होता. रत्नागिरीहून आलेल्या डॉक्टरांनी बाबांना घरापुढच्या खळ्यात बोलावून सांगितलं की औषधाचं काम आता संपलं आहे, जवळच्या माणसांना कळवून घ्यावं. बाबा कचेरीत कारकून होते आणि कुठलंही काम शेवटच्या दिवसावर टाकत नसत. त्यांनी तार केली, 'वेणू सिरियस'. त्या काळी आमच्याकडे माणूस गेल्याची तार थेट कोणी करत नसे. एकदम धक्का नको म्हणून 'सिरियस' लिहीत, आणि वाचणारा काय ते समजून निघत असे. बाबांनी जे होतं तेच लिहिलं होतं. मुंबईत ते नेहमीच्या पद्धतीने वाचलं गेलं. दुसरं काम चितेच्या लाकडांचं. गावात झाडं तोडणारी जी माणसं होती ती सोमवारपासून राजापूरकडे कामाला जाणार होती आणि परत कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून बाबांनी रविवारीच विहिरीजवळचं रायवळ आंब्याचं झाड पाडून घेतलं. ते झाड माजघराच्या खिडकीतून दिसत असे, आणि माजघरात आत्या होती. आईच्या म्हणण्यानुसार आत्या जगली ती यामुळेच. तापातही तिला कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येत होता, आणि कुठलं झाड तुटतंय ते आवाजाच्या दिशेवरून तिला कळलं. पेज पिऊन झाल्यावर तिचं पहिलं वाक्य बाबांना उद्देशून होतं. "विहिरीवरचं कशाला तोडलंस? त्याच्या कैऱ्या लोणच्याला लागतात."

बाबा पेजेची रिकामी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मंगळवारी सकाळी आमच्या पाणंदीतून रडण्याचा आवाज वर आला. पुढे बाबांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना भाईकाका म्हणत असू, डोक्याला पंचा बांधून. मागे त्यांची बायको आणि इतर माणसं. काकी रडतच माजघरात शिरल्या आणि आत्या उशीला टेकून बसलेली त्यांनी पाहिली. त्या थांबल्या नाहीत. एकदम थांबलं तर वाईट दिसेल असं त्यांना वाटलं असावं, किंवा प्रवासभर धरून ठेवलेलं रडणं आवरत नसावं. आत्याने त्यांना बसायला सांगितलं, आईला पाणी आणायला सांगितलं आणि काकींच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळाने काकींनी विचारलं, आता कसं वाटतंय. आत्या म्हणाली, "मला बरं आहे. तुम्ही जरा पडा."

आईपुढचा प्रश्न स्वयंपाकाचा होता. सुतक नव्हतं, म्हणजे मासे चालले असते. पण मयताला आलेल्या माणसांना पहिल्याच जेवणात बांगडे वाढायचे कसे, हे तिला सुचेना. तिने कुळथाची पिठी आणि भात केला, कारण ते कुठल्याही प्रसंगाला चालतं. सगळे मान खाली घालून जेवले. संध्याकाळी भाईकाकांनीच खाडीवर काय आलंय याची चौकशी केली आणि स्वतः जाऊन बांगडे घेऊन आले. त्या रात्री बांगड्यांचं तिखलं झालं, आणि मग रोजच झालं. मंडळींना लगेच परतता येईना. भाईकाकांनी ऑफिसात बहीण वारल्याचं सांगून रजा घेतली होती. दिवस घालायच्या आत ते परत गेले असते तर लोकांनी विचारलं असतं. म्हणून ते दिवसकार्य आटोपेपर्यंत राहतात तसे राहिले. मागीलदारी बसून काजूगर सोलले, विहिरीचा रहाट दुरुस्त केला, पत्ते खेळले. आत्याला दिवसातून दोनदा बघून जात आणि तिची तब्येत सुधारतेय म्हणून समाधान व्यक्त करत. पुढे त्यांच्या ऑफिसात आत्या वारलेलीच राहिली. काही वर्षांनी मे महिन्यात त्यांचे एक सहकारी आंबे खायला आमच्याकडे आले, तेव्हा तिची ओळख धाकटी बहीण म्हणून करून देण्यात आली. आत्या बाबांची थोरली बहीण होती. तिने हरकत घेतली नाही.

लाकडं मात्र तशीच पडून होती. मयतासाठी तोडलेलं लाकूड चुलीत घालत नाहीत. न्हाणीच्या चुलीतही घालत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या मयताला द्यावं तर तेही कोणी घेईना, कारण ते एका विशिष्ट माणसासाठी तोडलेलं आणि ते माणूस रोज संध्याकाळी थांब्यापर्यंत फिरून येत होतं. बाबांनी ओंडके गोठ्यामागे रचून ठेवले आणि वर जुने पत्रे टाकले. त्या दिवसांत घरातल्या बऱ्याच वस्तूंना माणसांची नावं होती. बाबांची खुर्ची, आईची विळी, माझी खाट. आत्या लग्न होऊन बुरोंडीला गेली होती, नवरा लवकर गेल्यावर परत आली आणि तेव्हापासून आमच्याकडेच होती. ती घरातली सगळी कामं करायची, पण आत्याचं म्हणावं असं काही, एक पत्र्याची ट्रंक सोडली तर, घरात नव्हतं. गोठ्यामागच्या ढिगाला मात्र सगळे 'आत्याची लाकडं' म्हणू लागले. गडी सुद्धा म्हणत, आत्याच्या लाकडांत धामण शिरली.

तिला उठायची परवानगी मिळाली नव्हती तेव्हा खिडकीतून हा ढीगच दिसायचा. त्यावर पक्षी येऊन बसत. तुटल्या बुंध्याच्या सालीत किडे होते, त्यासाठी दयाळ यायचा, बुलबुलाची जोडी यायची; विहिरीवरचा खंड्या आपली जुनी फांदी नाहीशी झालेली बघून ओंडक्यावर बसू लागला. आत्याने माझ्याकडे पेन्सिल मागितली. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात जात होते, वहीतले मागचे कोरे कागद फाडून दिले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यावर खंड्या होता. तो ओळखू येत होता. आत्याला चित्र काढता येतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, हे कधी शिकलीस. ती म्हणाली, शिकले नाही, वेळ मिळाला.

रंग तिने घरातच तयार केले. कपड्यांची नीळ, भिंतीला लावायची काव, हळद, चुना, कंदिलाच्या काचेवरची काजळी, आणि हे सगळं काजूच्या डिंकात कालवून. ब्रश माझ्या केसांचा एक, आणि बोक्याच्या शेपटीचा एक. मी रत्नागिरीहून पोस्टर कलरच्या बाटल्या आणल्या, त्यातला पिवळा तिला खोटा वाटला. ती हळदीवरच राहिली.

हाडं आली ती डॉक्टरांमुळे. त्यांनी तिला चढावर चालायला सांगितलं होतं आणि आमच्या गावात चढ एकच, सड्यावर जाणारा. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा उघडा सपाट सडा आहे. मेलेली गुरं तेव्हा तिकडच्या कड्याशी नेऊन टाकत. गिधाडं येत, त्यांचं काम करून जात, आणि मागे हाडं उन्हात पांढरी होत पडून राहत. आत्या टिटव्या बघायला गेली होती. येताना तिच्या हातात बैलाचं डोकं होतं, शिंगांसकट. आईने ते घरात घेऊ दिलं नाही. मग ते लाकडांच्या ढिगावर ठेवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बुलबुल येऊन बसला. आत्याने ते तसंच काढलं, खाली बैलाचं कपाळ, वर बुलबुल. नंतर ती जवळजवळ रोज काहीतरी आणू लागली. म्हशीचा जबडा, शेळीची बरगडी, खाडीच्या तोंडाशी वाहून आलेल्या डॉल्फिनचा मणका, एक वानराची कवटी. पावसाळ्यात सगळ्या कागदांना बुरशी आली. ट्रंकेतले पक्षी आधी हिरवे झाले, मग काळे. आत्याने ते चुलीत घातले आणि सरळ हाडांवरच रंगवायला घेतलं. मी कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, कागदाला बुरशी येते, हाडाला येत नाही. तेवढंच कारण होतं का, असं मी पुन्हा विचारलं. त्यावर ती थोडा वेळ रंग खलत राहिली. मग म्हणाली, "माणूस गेल्यावर काय उरतं ते बघायला निघाले होते. तुम्ही अर्ध्या वाटेतून बोलावलंत. म्हणून आता इथे बसून बघतेय."

आईला हे उत्तर मी सांगितलं नाही. पुढे मी बातमीदार झाले आणि बरीच माणसं मरणाच्या दारातून परत आलेली पाहिली, त्यांच्याशी बोलले. सगळ्यांनी देवाचे किंवा डॉक्टरांचे आभार मानले. लोणच्याच्या कैऱ्यांमुळे परत आल्याचं दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळालं नाही.

दिवाळीपर्यंत गोठ्याची मागची भिंत हाडांनी भरली. आमच्या शेजारी दत्ताराम राहायचा. त्याची भातशेती होती आणि बैलांवर त्याचा फार जीव. एक दिवस आमच्याकडे नांगराचा फाळ मागायला आला आणि भिंतीपुढे थांबला. जनावराचं डोकं उघडं हाड झालं तरी धन्याला शिंगांवरून ओळखू येतं, हे मला तेव्हा कळलं. डावं शिंग टोकाशी मोडलेलं होतं. दत्ताराम म्हणाला की हा त्याचा पवळ्या. आत्या पुढे आली. आम्हाला वाटलं, आता भांडण होणार, हा म्हणणार माझ्या बैलाचं डोकं इथे का टांगलंय. तो कपाळावरच्या चित्रावर वाकला.

"अक्का, ह्यो कोन?"

"बुलबुल."

"पवळ्यावर बगळा बसायचा."

"मी आणला तेव्हा बुलबुल बसला होता."

"बुलबुल नाय बसायचा कदी. इतकी वरसं मी त्याच्या मागं चाललोय. बगळाच. उजव्या खांद्यावर."

"तो जिवंत असताना. मी मेल्यानंतरचं काढलंय."

दत्ताराम फाळ न घेता गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि बगळ्याचा विषय पुन्हा काढला. त्याचं म्हणणं असं की बुलबुल पुसू नये, पण तो चुकीचा आहे हे तरी मान्य करावं. आत्याने मान्य केलं नाही. ही चर्चा पुढे बरेच दिवस चालली. दत्ताराम येता-जाता कुंपणापलीकडून म्हणायचा, बगळा. आत्या हातातलं काम न थांबवता म्हणायची, बुलबुल. त्याच्यामुळे इतरांनाही कळलं आणि लोक आपापली जनावरं बघायला येऊ लागले. बघून काही न बोलता जात. ते न बोलणं चांगलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

पौषात ढगाळ हवा पडली आणि मोहोर काळा होऊन गळाला. सगळ्यांच्याच बागांत गळाला, आमच्याही. पण आमच्याकडे हाडं होती. शिवाय आमच्याकडे एक बाई होती जिच्यासाठी लाकडं तुटली होती आणि जी गेली नव्हती. गावात असं बोललं जाऊ लागलं की या घरात काहीतरी अर्धवट राहिलंय. देवळाचे मानकरी आबा एका सकाळी आमच्या पडवीत येऊन बसले. आईने चहा दिला तो त्यांनी घेतला, म्हणजे भांडण नव्हतं. त्यांनी बाबांना शांतपणे सांगितलं की शिमगा जवळ आला आहे, ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाईल, आणि ज्या घरात मेलेल्या जनावरांची हाडं मांडली आहेत त्या घराच्या खळ्यात ती चढणार नाही. बाबांचा चेहरा मला आठवतो. कोकणात पालखी घरी न येणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. मुंबईची माणसं गणपतीला आली नाहीत तरी शिमग्याला येतात ती त्या पालखीसाठी. ज्याच्या दारावरून ती पुढे गेली त्याच्याकडे मग लग्नाचं आमंत्रणही येत नाही, मयताला खांदाही मिळत नाही. आबा गेल्यावर बाबा आत्याकडे गेले आणि दारातच उभे राहिले.

"अक्का, हाडं काढायला लागतील."

"मग मी काय करू दिवसभर?"

आत्याने पुढे सांगितलं की हाडं गेली तर ती बुरोंडीला जाईल, दिराकडे. दीर तिला ठेवून घेणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. आईने आत्याची बाजू घेतली याचं मला नवल वाटलं होतं, कारण हाडांवर पहिला राग तिचाच. ती बाबांना म्हणाली की ही बाई वर्षभर रंगवत बसली आहे आणि त्या वर्षात एकदाही आजारी पडलेली नाही, याचा विचार करा.

शेवटी बाबांनी आबांना सुचवलं की देवाला विचारावं. आमच्याकडे अडलेल्या प्रश्नावर कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि एक प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देऊळ भरलं होतं. बायका मागे, सभामंडपाच्या कडेला. आत्या खांबाला टेकून बसली होती आणि छतातल्या पारव्यांकडे बघत होती. गणू गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, तुझी लेकरं तुझ्या पायाशी आली आहेत, आजपर्यंत सांभाळलंस तसं सांभाळ, आणि प्रत्येक वाक्याला गावाने होय महाराजा म्हटलं. मग पहिला प्रश्न. हाडं खाडीत सोडायची का. बरीच वाट बघितली. डावी पडली. नाही.

दुसरा प्रश्न, सड्यावर नेऊन टाकायची का. डावी. तिसरा, खड्डा काढून पुरायची का. डावी. देवळात कुजबुज झाली. आबांना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण दुसरा उरलाच नव्हता. त्यांनी गुरवाला खूण केली. मग काय, आहेत तिथेच ठेवायची का. पुन्हा डावी. खाडीत नाही, सड्यावर नाही, जमिनीत नाही आणि घरातही नाही. गणू गुरव म्हणाला की कळ्या संपत आल्या आहेत आणि त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. कोणीतरी सुचवलं की देव झोपला असेल, त्याला आबांनी गप्प केलं. तेव्हा मागून दत्तारामचा आवाज आला.

"ज्याचा त्याला देयाचा काय, तां इचारा की."

आबांनी मागे वळून पाहिलं. प्रश्न बरा होता की वाईट हे त्यांना ठरवता आलं नसावं. गुरवाने शेवटच्या कळ्या लावल्या आणि विचारलं. उजवी पडली. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच पडली असं काही जण अजून सांगतात. याला दुजोरा मिळालेला नाही. मी बसले होते तिथून मूर्ती दिसत नव्हती. लोक उठू लागले तेव्हा आत्या खांबापासून म्हणाली, "आबा, ज्याचं त्याला म्हणजे सगळ्यांनाच ना?"

आबा म्हणाले, "सगळ्यांनाच. देवाने सांगितलंय."

वाटप दुसऱ्या दिवशी आमच्या गोठ्यामागे झालं. आबा लाकडी खुर्चीवर, गाव समोर, आत्या लाकडांच्या ढिगावर बसलेली, आणि मी एकेक हाड उचलून पुढे आणायचं. गुरांचं काम लवकर झालं. माणसं पुढे येऊन शिंग बघत, हो म्हणत, आणि दोन्ही हातांनी उचलून नेत. एका म्हातारीने म्हशीचा जबडा पदरात गुंडाळला. तिच्या म्हशीवर आत्याने टिटवी काढली होती. तिने विचारलं की याच्या जागी कोतवाल काढून मिळेल का, म्हशीवर तोच बसायचा. आत्याने नाही सांगितलं. म्हातारी म्हणाली, असू दे मग, हीपण बरी दिसते. शेळीच्या एका बरगडीवर दोन घरांनी हक्क सांगितला. बरगडीवरून शेळी ओळखता येत नाही, तेव्हा ती सहा-सहा महिने वाटून घ्यायचं ठरलं. डॉल्फिनचा मणका पूर्णगडच्या हसनचाचांना द्यावा असं निघालं, कारण ते समुद्रावर जात. ते योगायोगाने मासळी घेऊन आले होते. त्यांनी मणका हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले की हा मासा त्यांनी कधी धरला नाही, तो जाळी फाडतो, पण समुद्राच्या वतीने ते घेतील.

अडचण वानराच्या कवटीची झाली. वानर कुणाचा हा प्रश्न गावापुढे आधी आला नव्हता. सगळ्यांच्या बागांत शिरतो, म्हणजे सगळ्यांचा, असं एकाने मांडलं. त्याला विरोध झाला, कारण मग त्याने केलेलं नुकसानही आपलंच. वानर मारायला सरकारची बंदी आहे, म्हणून तो सरकारचा, असं शेवटी ठरलं. गावातले तलाठी गर्दीच्या मागे उभे होते. त्यांनी वरून लेखी आल्याशिवाय कवटी ताब्यात घ्यायला नकार दिला. मग ती पोलीस पाटलांना देण्यात आली. पाटील ती कुठे धरावी हे न कळून छातीशी धरून उभे राहिले. तिच्या कपाळावर एक लहान हिरवा राघू होता.

दत्ताराम सगळ्यांत शेवटी आला. पवळ्याचं डोकं मी त्याच्यापुढे ठेवलं. तो बसला, मोडक्या शिंगावरून हात फिरवला आणि ते उचलून चालू लागला. कुंपणाशी पोचल्यावर न वळता म्हणाला, बगळा. आत्याने या वेळी उत्तर दिलं नाही.

भिंत रिकामी झाली होती. आबा उठले, म्हणाले, झालं. आत्या ढिगावरून उतरली नाही.

"माझं राहिलं."

बाबा म्हणाले, "तुझं काय, अक्का?"

"ही लाकडं. माझ्यासाठी तोडली ना?"

आबा परत बसले. ही मयताची लाकडं आहेत, त्यांना हात लावत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं. आत्याने विचारलं, "कुणाच्या मयताची?" तिच्या म्हणावं तर ती समोर बसली होती, दुसऱ्या कुणाच्या म्हणावं तर तसं माणूस नव्हतं. आत्या पुढे म्हणाली की ज्याचं त्याला असं देवाने सांगितलंय, सगळ्यांनाच सांगितलंय, आणि गाव त्यांना वर्षभर आत्याची लाकडं म्हणतंय. गणू गुरवाला विचारावं असं आबांच्या मनात आलं, पण गुरव जेवायला गेला होता आणि पुन्हा कळ्या लावायला तो येणार नाही असं त्याचा मुलगा सांगून गेला. आबांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "आबा, मयत झालंच नाही. तार मीच केली होती, मला माहीत आहे."

लाकडं आत्याला मिळाली. खालचे ओंडके वाळवीने खाल्ले होते, वरचे वर्षभर वाळून घट्ट झाले होते. सुताराने फळ्या पाडून दिल्या, भुसा आणि तुकडे आपल्या घरी नेणार नाही या अटीवर. शिमग्यापर्यंत आत्याने पहिल्या फळ्या रंगवून पडवीच्या भिंतीशी वाळत ठेवल्या. समोर हाडं नव्हती, ती तिने आठवणीतून काढली होती, आणि पक्षी खिडकीतले. पालखी आली तेव्हा खळ्यात ढोल वाजले, पालखी नाचवली, आईने ओटी भरली. आबा भिंतीशी थांबून फळ्या बघत होते. त्यांनी विचारलं, ही पण हाडंच का. आत्या म्हणाली, चित्रं आहेत. आबा म्हणाले, चित्रातली चालतात. पालखी त्या वर्षी गावातल्या सगळ्या घरी गेली. हाडं त्या वेळेला जवळजवळ सगळ्या घरी होती.

आत्या पुढे खूप वर्षं जगली आणि झोपेत गेली. तेव्हा 'सिरियस' अशी तार करण्याची सोय राहिली नव्हती. भाईकाकांच्या मुलाने फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. तिच्या मयताला बाजारातून लाकडं आणली. फळ्यांपैकी काही माझ्या भावाकडे रत्नागिरीत आहेत, काही गावच्या शाळेत. शाळेतल्या एका फळीवर गिधाड आहे, म्हशीच्या कण्यावर पंख अर्धे उघडून बसलेलं. सड्यावर आता गुरं टाकत नाहीत आणि गिधाडं येत नाहीत. मुलांना गिधाड दाखवायचं असलं की बाई त्यांना त्या फळीपुढे उभं करतात.

हे प्रकरण लिहायच्या आधी, गेल्या मे महिन्यात, मी गावात जाऊन जे तपासता येईल ते तपासलं. आबांच्या घरचं हाड नवीन स्लॅब टाकताना गेलं. वानराची कवटी पाटलांच्या घरी नाही. कुठे गेली ते कोणी सांगू शकलं नाही. शेळीची बरगडी दोन घरांपैकी एकाकडे आहे, त्यांच्या मते सहा महिने अजून व्हायचे आहेत. दत्ताराम वारला. त्याचा नातू रस्त्याकडेच्या जागेत पर्यटकांसाठी होमस्टे चालवतो. पवळ्याचं डोकं त्याच्या दाराशी आहे, डावं शिंग टोकाशी मोडलेलं. कपाळावर बुलबुल आहे, शेपटीखालचा तांबडा रंग फिका झाला आहे. उजव्या बाजूला, शिंगाच्या बुडाशी, चुन्याने काढलेला एक बगळा आहे. तो कोणी काढला हे नातवाला माहीत नाही. आजोबांच्या वेळेपासून दोन्ही आहेत, असं तो म्हणाला. बगळा बुलबुलापेक्षा मोठा आहे आणि त्याला एकच पाय आहे.